विनोदी लिहिणाऱ्याने डार्क कादंबरी लिहायला घेतली तर: क्रम काय ठेवायचा आणि हमखास कुठे फसतं

दरवर्षी गणपती उरकले की मला तीन-चार मेसेज ठरलेले. "सर, दोन विनोदी कादंबऱ्या झाल्या, आता जरा डार्क लिहितोय, नजर टाकाल का?" आणि खाली फाइल. फाइल उघडायची तर पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर प्रेत, तिसऱ्यावर हवालदार विनोदी पंच मारतो आणि चौथ्या पानापासून लेखक स्वतःच कंटाळलेला दिसतो. माणसं वेगळी, चूक तीच.

ती मीही केलीय. तीन विनोदी कादंबऱ्यांनंतर चौथी डार्क लिहायची असं ठरवून मी दीड वर्ष घालवलं, पहिला ड्राफ्ट एका संपादकांना पाठवला, आणि त्यांचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला प्लॅटफॉर्मवर उभा होतो. म्हणाले, "अहो, तो म्हातारा जातो ना, तो सीन वाचून ऑफिसात सगळे हसत होते, काय लिहिलंय!" मनापासून कौतुक करत होते बिचारे. मी त्यानंतर दोन फास्ट सोडल्या.

तर खाली जो क्रम दिलाय तो तो ड्राफ्ट फेकून दिल्यावर बसवलेला आहे. बहुतेक जण पाचव्या टप्प्यापासून सुरू करतात आणि मग पहिल्यावर यावं लागतं, त्यात सहा महिने जातात. म्हणून क्रम मोडू नका.

सुरू करण्याआधी एवढं डोक्यात ठेवा

विनोद म्हणजे कुकरची शिट्टी. वाफ साठते, शिट्टी होते, सगळे सुटतात, लिहिणारासुद्धा. आपण वर्षानुवर्षं ही शिट्टी वेळेवर वाजवायला शिकलोय, तेच आपलं टायमिंग. डार्क लिहायचं म्हटल्यावर लोक काय करतात, तर कुकरच फेकून देतात आणि दुसऱ्याच्या घरून पातेलं आणतात, म्हणजे पाऊस, रक्त, कावळे, सायको खुनी. गरज नाही. डाळ तीच, गॅस तोच, बारीकसारीक बघायची आपली नजर तीच. फक्त शिट्टी होऊ द्यायची नाही. (कुकर फुटेल, माहितीय. फुटू दे, शेवटाकडे.)

टप्पा १: स्वतःच्या जुन्या पानांतल्या पळवाटा शोधा

नवीन फाइल उघडू नका. जुन्या विनोदी कादंबरीची वीस पानं प्रिंट काढा, स्क्रीनवर नको, कागदच हवा. प्रत्येक विनोदाखाली रेघ मारा आणि समासात लिहा की हा विनोद नसता तर पुढचं वाक्य काय आलं असतं.

माझं उदाहरण देतो. एका सीनमध्ये बाप मुलाला विचारतो, "पगार झाला का रे?" मुलगा म्हणतो, "झाला ना, आला तसा गेला, चहासुद्धा नाही घेतला त्याने." वाचक हसतो, सीन पुढे. आता विनोद काढला तर? तर मुलाला सांगावं लागतं की नोकरी जाऊन दोन महिने झालेत, आणि बापाला ते आधीच कळलेलं आहे, आणि तो विचारतोय ते मुलाने आपल्या तोंडाने सांगावं म्हणून. हा खरा सीन होता. तो मी एका चहात घालवला होता.

वीस पानांत मला अशा चाळीसच्या वर जागा सापडल्या. गंमत म्हणजे पळायची ठिकाणं तीनच: पैसे मागणं, म्हाताऱ्या माणसाचं शरीर आणि बायकोने काहीच न बोलणं. तुमची वेगळी असतील. ती यादी भिंतीवर लावा, तुमचा विषय त्यातच कुठेतरी बसलेला आहे.

*चेक:* यादी वाचताना एका तरी ओळीवर "हे नको, घरचे वाचतील" असं वाटलं पाहिजे. वाटलं नसेल तर रेघा मारताना लबाडी केलीत, परत वीस पानं घ्या.

टप्पा २: विषय. खून नको, निदान पहिल्या पुस्तकात

ज्याने आयुष्यभर सोसायटीच्या मीटिंगा, लग्नातले मामा आणि हरवलेल्या छत्र्या लिहिल्या त्याने एकदम सीरियल किलर लिहायला घेतला की तो किलरसुद्धा सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा वागतो. आपल्याला जे घर माहितीय त्याच घरात काय वाईट घडू शकतं ते बघा.

या लेखात पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतोय, म्हणजे धागा सुटणार नाही. लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली, रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू. भाडेपावती वडिलांच्या नावावर, अप्पा, गिरणीतून निवृत्त. थोरला मुलगा नाशिकला, सगळे त्याला दादा म्हणतात. धाकटा बाळू इथेच, अप्पांचं सगळं तोच करतो, चाळीतला सगळ्यात गमत्या माणूस, गणपतीत सूत्रसंचालन त्याचंच. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. एका संध्याकाळी अप्पांना घाम फुटतो, छातीत दुखतं. बाळू १०८ ला फोन लावतो, पण त्याआधी एका कागदावर अप्पांचा अंगठा घेतो. मधे वीस मिनिटं जातात. बस. हीच कादंबरी.

बघा, यात रक्त नाही, खलनायक नाही. चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला ती वीस मिनिटं समजतात, कारण लालबाग-परळमध्ये एका खोलीची किंमत काय आणि नव्या टॉवरमधल्या घराच्या आशेवर संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि बाळू वाईट माणूस नाही, हेच तर वाईट आहे.

*इशारा:* विषय दोन वाक्यांत सांगताना शेवटी "आणि मग कळतं की..." येत असेल तर तुम्ही अजून ट्विस्ट शोधताय. ट्विस्ट हा पंचचाच सख्खा भाऊ. आत्ता दोघांनाही घरात घेऊ नका.

टप्पा ३: पायपीट. कागदपत्रं कशी हलतात ते माहीत करून घ्या

विनोदी कादंबरीत पोलीस स्टेशन कसंही चालतं, वाचक माफ करतो. डार्कमध्ये एक चुकीचा फॉर्म आला की वाचकाच्या मनातली भीती उतरते आणि तो चुका शोधायला लागतो. मुंबईतली गोष्ट असेल तर निदान एवढं नीट हवं:

घरी आजारपणात मृत्यू झाला तर डॉक्टरने येऊन तपासायचं आणि मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट द्यायचं, घरच्या मृत्यूसाठी तो फॉर्म ४-ए. तो कागद स्मशानात दाखवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत, मग महापालिकेच्या वॉर्डातून दाखला. आता हे कंटाळवाणं वाटतंय ना? पण अप्पा अॅम्ब्युलन्स यायच्या आधी घरातच गेले असं धरा आणि चाळीतला नेहमीचा डॉक्टर पेन काढून दोन सेकंद थांबला, अप्पांच्या अंगठ्याकडे बघत. सही करतो की नाही? केली नाही तर पोलीस येणार. तुमच्या अख्ख्या कादंबरीतला सगळ्यात भीतीचा क्षण त्या फॉर्मने फुकटात दिला.

मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, बोलताना सगळे एडीआर म्हणतात, मग इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे पंचांसमोर प्रेताची पाहणी, मग गरज असेल तर शवविच्छेदन. हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं, त्याआधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १७४ होतं. म्हणजे तुमची गोष्ट २०१९ मधली आणि हवालदाराच्या तोंडी १९४ आलं की संपलं. अजून मागे जायचं असेल तर मुंबईत कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता, ते पद १९९९ मध्ये रद्द झालं, सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट लिहिणारे हे हमखास विसरतात. आणि रुळांवरचा मृत्यू शहर पोलिसांकडे जात नाही, स्टेशन मास्तरचा मेमो निघतो आणि लोहमार्ग पोलीस येतात.

कायद्याचं एवढं पुरे. बाकी जाऊन बसा. परळला मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेर फुटपाथवर नातेवाईक राहतात, तिथे चहावाल्यापाशी तासभर उभं राहिलं तरी कळतं की दुःखात माणसं काय बोलतात. ती मृत्यूबद्दल बोलत नाहीत, डब्याबद्दल बोलतात, चार्जरबद्दल, परतीच्या गाडीबद्दल. तिथे वही काढू नका, फोटो तर अजिबात नाही, घरी येऊन लिहा.

*इशारा:* कथेत आत्महत्या येत असेल तर कशी केली याचं बारीक वर्णन टाळा, ते वाचणाऱ्यांत कोण कुठल्या अवस्थेत आहे आपल्याला माहीत नसतं. आणि हे सगळं खणताना तुमचीच झोप उडाली, आठवडा झाला तरी उतरत नाही असं झालं तर लाज न बाळगता कोणाशी तरी बोला, सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. मी स्वतः रात्री अकरानंतर या फाइलला हात लावत नव्हतो.

टप्पा ४: शेवट आधी, आणि नुकसानीची वही

विनोदी कादंबरी आपण कशी लिहितो? सुरुवात करायची आणि गोंधळ वाढवत न्यायचा, शेवटी सगळे एका खोलीत आणून सोडवायचा. छत्री सापडते, लग्न जुळतं, घरमालक माफ करतो. सकाळ झाली की सगळं पुन्हा जागेवर. ही सवय हाडात मुरलेली असते, त्यामुळे डार्क कादंबरीतसुद्धा दोनशेव्या पानाला हात आपोआप आवराआवर करायला लागतो, दादा बाळूला मिठी मारतो, दोघं रडतात, वाचक सुटतो. मेलं सगळं.

म्हणून शेवटचा सीन सगळ्यात आधी लिहा, दोन पानं पुरे. माझ्या उदाहरणात: नवीन बिल्डिंग, बावीसावा मजला, बाळूला घर मिळालंय. अप्पांच्या श्राद्धाला दादा आलाय, खिडकीतून बघून म्हणतो, "अप्पांना आवडलं असतं." बाळू म्हणतो, "हो." एवढंच. दादाला काही कळलेलं नाही, कधीच कळणार नाही.

मग एक साधी वही घ्या, तीन रकाने पाडा: काय गेलं, कोणामुळे गेलं, परत येतं का. प्रत्येक प्रकरण झालं की भरा. "बाळूची झोप, स्वतःमुळे, नाही." "वहिनीचा बाळूवरचा विश्वास, अंगठ्यावरच्या शाईमुळे, नाही." तिसऱ्या रकान्यात सलग दोन प्रकरणं "येतं" असं पडलं की तुम्ही परत विनोदी कादंबरी लिहायला लागलात असं समजायचं.

टप्पा ५: कोण सांगतंय ते ठरवा

आपला विनोदी निवेदक असतो गप्पिष्ट, वाचकाच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा, स्वतःची फजिती सांगणारा "मी". त्याला इथे आणलात तर तो प्रत्येक सीनमध्ये वाचकाला कोपराने ढोसत राहणार. पहिल्या डार्क कादंबरीला तृतीयपुरुषी घ्या, आणि एकाच माणसाच्या मागेमागे चला. बाळूनेच सांगायचं आणि विनोदी ढंगातच सांगायचं, वाचकाला हळूहळू घाम फुटला पाहिजे, हे फार मोहाचं आहे, मलाही झाला होता, पण ते दुसऱ्या पुस्तकाला ठेवा. सवयीचा हात आणि बाळूचा आवाज यातला फरक पहिल्या वेळी कळत नाही.

नावं तपासा. हसू आणायला ठेवलेलं नाव एकही नको. टोपणनाव चालेल कारण चाळीत असतंच, पण ते माणसांच्या तोंडी, निवेदकाने नाव साधं घ्यायचं.

आणि आपल्या भाषेत एक हत्यार फुकट आहे ते विनोदी लेखकांना वापरायचं सुचतच नाही: तू आणि तुम्ही. बाळू दादाला जन्मभर "तू" म्हणतोय. अप्पांच्या तेराव्यानंतर एकदा फोनवर तो म्हणतो, "तुम्ही ठरवा काय ते." आवाज चढलेला नाही, भांडण नाही, मान दिलाय उलट. पण नाशिकच्या घरात फोन ठेवल्यावर दादा बराच वेळ बसून राहील. हेच वहिनीचं. ती एरवी नवऱ्याला हाक मारते "अहो, ऐकलंत का". त्या रात्रीनंतर हाक मारणंच थांबवते, समोर येऊन उभी राहते आणि वाट बघते. हे कुठेही समजावून लिहू नका, फक्त पाळा.

*चेक:* कुठलंही पान काढा आणि "बिचारा", "म्हणे", "जणू", "अगदी", "चक्क" मोजा. हे शब्द म्हणजे निवेदकाची कोपरं. पानाला एकापेक्षा जास्त नको.

टप्पा ६: एकच सीन तीनदा लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, बाकी टप्पे घाईत झाले तरी चालतील. मधला मुख्य सीन घ्या आणि तीनदा लिहा, मुद्दाम. पहिल्यांदा सवयीने येतो तसा, दुसऱ्यांदा "डार्क" म्हणून येतो तसा, आणि ते दोन्ही समोर ठेवून तिसऱ्यांदा. पहिले दोन डोक्यातून कागदावर निघाल्याशिवाय तिसरा येत नाही, हा माझा अनुभव आहे, शॉर्टकट शोधून झालाय, नाही.

सवयीने आलेला:

"स्टॅम्पपॅड सुकून ठणठणीत. बाळ्याने त्यावर थुंकी लावली. 'अरे, पोस्टाचं पाकीट आहे का ते!' अप्पा डोळे मिटल्या मिटल्या खेकसले. अप्पांचा अंगठा म्हणजे चाळीस वर्षं गिरणीत झिजलेला, त्यावर रेघा शोधायच्या म्हणजे सकाळच्या विरार लोकलमध्ये विंडो सीट शोधण्यासारखं. तीनदा दाबला, तीनदा कागदावर बटाटा उमटला."

वाईट नाहीये. पाच कादंबऱ्या चालतील यावर. आता दुसरा:

"आकाश काळ्याकुट्ट ढगांनी गिळून टाकलं होतं. खोलीत मृत्यूची चाहूल दरवळत होती. थरथरत्या हातांनी बाळकृष्णने तो निष्प्राण होत चाललेला अंगठा उचलला. जणू नियतीच आपल्या क्रूर हातांनी त्याच्या आत्म्यावर काळी मोहोर उमटवत होती! दूर कुठेतरी एक कुत्रं विव्हळलं..."

हसू नका, हे माझ्या फेकलेल्या ड्राफ्टमधलं जवळजवळ जसंच्या तसं आहे. त्यात स्टॅम्पपॅड कुठे गेलं बघा. गेलं. थुंकी गेली. जे आपल्याला खरंच दिसत होतं ते सगळं बाहेर काढलं आणि त्याजागी उधारीचे ढग आणले. विनोदी माणूस गंभीर व्हायला गेला की भाषणाला उभा राहतो, सत्काराला उत्तर देतो तसा. आणि वाचक यालाच हसतात, माझ्या संपादकांच्या ऑफिसातले यालाच हसले होते.

तिसरा:

"स्टॅम्पपॅड सुकलं होतं. बाळूने त्यावर थुंकी लावली, बोटाने फिरवली, परत लावली. अप्पांनी हात स्वतःहून पुढे केला. त्यांना वाटलं नाडी बघायची आहे. पहिला ठसा पसरट आला. दुसरा पुसट. तिसऱ्या वेळी बाळूने मनगट धरून, रेशनच्या दुकानातला मुलगा मशीनवर धरतो तसा, अंगठा दाबून धरला. मग कागद पंख्याखाली नेला. पंखा एकवर होता, तो तीनवर केला. शाई वाळेपर्यंत तो तसाच उभा होता. मग त्याने पंच्याच्या टोकाने अप्पांचा अंगठा पुसला, नीट, नखाच्या कडेनेसुद्धा, आणि फोन उचलून १०८ लावला."

पहिल्या आणि तिसऱ्यातला माल एकच आहे. तीच थुंकी, तेच पॅड, तोच तीनदा घेतलेला ठसा. गैरसमज हा तर आपला रोजचा धंदा, एकाला वाटतं एक आणि असतं भलतंच, तोच इथे नाडीच्या वाक्यात आलाय, फक्त त्यानंतर कोणी बोलत नाही. उपमा एकच ठेवली आणि तीही बाळूच्या रोजच्या जगातली, लेखकाच्या हुशारीची नाही. पंखा वाढवण्याचं वाक्य मला लिहिताना सुचलं तेव्हा मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण ते पहिल्या ड्राफ्टसाठी विनोद म्हणून सुचलं होतं.

*इशारा:* तिसऱ्या ड्राफ्टच्या शेवटी एक वाक्य जोडावंसं वाटेल, "बाळूला कळत होतं की आपण काय केलंय" वगैरे. हात बांधा. हातातल्या कामावर सीन सोडायचा, मनातल्या विचारावर नाही.

*इशारा दुसरा:* पाऊस. मुंबईतल्या दर दुसऱ्या डार्क कादंबरीत पाऊस असतो आणि २६ जुलै २००५ तर असतोच असतो. पाऊस गोष्टीत काही काम करत असेल, गाडी अडवत असेल, फोन बंद पाडत असेल तर ठेवा. मूड म्हणून असेल तर काढा. अप्पांची संध्याकाळ मी मे महिन्यातली घेतली, उकाडा, सगळ्यांची दारं उघडी, आणि तरी कोणी बघितलं नाही.

टप्पा ७: कुठले विनोद राहू द्यायचे

सगळे काढले की पुस्तक मुडदूस झाल्यासारखं होतं, आणि खोटंही, कारण मयताच्या घरी माणसं हसतातच. प्रश्न एवढाच की कोणता ठेवायचा.

माझी गाळणी नाट्यशास्त्रातली आहे, उगाच पांडित्य म्हणून नाही, कामाची आहे म्हणून. तिथे हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिल्यात दातसुद्धा दिसत नाहीत, शेवटच्यात माणूस पोट धरून डोळ्यांत पाणी आणतो. आपल्या प्रत्येक विनोदाला समासात यातला नंबर द्या. एक आणि दोन राहू शकतात. तीन-चारला कारण विचारा. पाच-सहा काढून दुसऱ्या फाइलमध्ये टाका, फेकू नका, दिवाळी अंकाला एक विनोदी कथा निघते त्यातून, माझी निघाली.

मग राहिलेल्यांना एकच प्रश्न: हा विनोद कोण करतंय? निवेदक करत असेल तर बाहेर. माणूस करत असेल तर त्याला त्यातून काय लपवायचंय ते बघा. असं:

"किती वाजता कळलं तुला?" दादाने चपला काढता काढता विचारलं.

"आल्या आल्या पोलीस चौकी? चहा तरी घे आधी."

दादा हसला. वहिनी आत दूध तापवत होती, तिने गॅस बारीक केला.

विनोद आहे, चांगला आहे, दादा हसतोसुद्धा. पण शिट्टी झाली नाही, कारण गॅस बारीक करणाऱ्या बाईने ती होऊ दिली नाही. प्रत्येक ठेवलेल्या विनोदाशेजारी न हसणारं एक माणूस उभं करा.

टप्पा ८: वाचून दाखवू नका, वाचायला द्या

आपल्यातले बहुतेक जण कथाकथन केलेले, माईक दिसला की हात शिवशिवतात. डार्क ड्राफ्ट मित्रांसमोर मोठ्याने वाचलात की तुम्ही नकळत जागा घेणार, पॉझ मारणार, आणि ते सवयीने हसणार. मग घरी जाऊन तुम्ही हसू आलं त्या जागा अजून खुलवणार. मी हे केलेलं आहे.

प्रिंट द्या, दोनच माणसांना. त्यातला एक तुमचं आधीचं काहीही न वाचलेला हवा, हे फार महत्त्वाचं. "आवडलं का" विचारू नका. विचारा: कुठे वाचायचं थांबलास? चहा करायला कुठे उठलास? एखादं पान परत मागे जाऊन वाचलंस का? कंटाळून उठला आणि बघवेना म्हणून उठला यातला फरक त्याच्या आवाजात कळतो. माझ्या दुसऱ्या ड्राफ्टला एकजण म्हणाला, "पंख्यापाशी ठेवलं, दुसऱ्या दिवशी वाचलं." त्या दिवशी मी वडापाव खाल्ला, दोन.

टप्पा ९: संपादक आणि मुखपृष्ठ

फाइल पाठवायच्या आधी फोन करून सांगा की हे विनोदी नाही. मेलमध्ये लिहिलं तर कोणी वाचत नाही, तुमचं नाव बघून हसत हसतच पान उघडतात. कादंबरीतला तुकडा दिवाळी अंकाला देणार असाल तर जून-जुलैतच बोला, ऑगस्टमध्ये त्यांना तुमच्याकडून हलकंफुलकंच हवं असतं आणि तोवर जागा ठरलेल्या असतात. टोपणनावाने काढावं का? माझं मत, नको, पण घरात या विषयावरून खरंच कोणी दुखावणार असेल तर जरूर.

मुखपृष्ठाचं कच्चं चित्र छापायला जाण्याआधी मागून घ्या. माझ्या चित्रकाराने आधीच्या तिन्ही पुस्तकांसारखा मोठ्या नाकाचा माणूस काढला होता, हातात स्टॅम्पपॅड. पाठीमागचा मजकूरही बघून घ्या, "खुसखुशीत" शब्द दिसला की लाल पेन काढा. माझ्या वेळी तो दोनदा होता.